अगाथा ख्रिस्ती : बर्फात अडकलेलं घर आणि एक न उघडलेलं पत्र



रहस्यकथा म्हटलं की अगाथा ख्रिस्ती हे नाव हमखास आठवतं. पण त्यांच्या सर्वांत गाजलेल्या नाटकाच्या मुळाशी एका लहान मुलाचं दुःख आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? चला, आज त्यांची ओळख करून घेऊया.

अगाथा यांचा जन्म 15 सप्टेंबर 1890 रोजी इंग्लंडमधील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. मुलांना आठ वर्षांची होईपर्यंत वाचायला शिकवू नये, असं त्यांच्या आईचं मत होतं. पण छोटी अगाथा पाचव्या वर्षीच आपली आपण वाचू लागली. सांभाळणाऱ्या बाईंनी ही बातमी आईला अगदी अपराधी चेहऱ्याने सांगितली म्हणे! शिक्षण घरीच चाललं. सोबतीला मुलं नव्हती, म्हणून तिने मनातच एक शाळा भरवली आणि त्यातल्या मुलींना नावं, स्वभावही दिले. शुद्धलेखन मात्र आयुष्यभर कच्चंच राहिलं. अकरा वर्षांची असताना वडील वारले.

पहिल्या महायुद्धात त्यांनी रुग्णालयात आधी जखमींची सेवा केली, नंतर औषधं बनवण्याच्या विभागात काम केलं. विषांची माहिती त्यांना तिथेच मिळाली. रहस्यकथा लिहिणं तुला जमणार नाही, असं मोठ्या बहिणीने चिडवलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. अनेक प्रकाशकांनी परत पाठवलेली ती कादंबरी 1920 मध्ये छापली गेली. पुढे त्यांनी साठहून अधिक रहस्य कादंबऱ्या लिहिल्या.

1947 मध्ये राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी एक छोटी नभोनाटिका लिहिली. त्यातूनच 'द माउसट्रॅप' हे नाटक तयार झालं. 25 नोव्हेंबर 1952 रोजी ते लंडनच्या रंगभूमीवर आलं आणि 2020 मध्ये कोरोनामुळे नाट्यगृहं बंद होईपर्यंत सलग चालू राहिलं!

गोष्ट अशी. एक तरुण जोडपं गावाबाहेरच्या जुन्या घरात पाहुण्यांची सोय करतं. हिमवृष्टीने रस्ते बंद होतात, फोनही बंद पडतो. पोलीस अधिकारी बर्फावरून स्की करत येतो. एका पाहुण्याचा खून होतो आणि खुनी घरातच असतो. तो कोण, हे बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. म्हणून मीही सांगणार नाही!

पण या खुनामागचं कारण महत्त्वाचं आहे. 1945 मध्ये इंग्लंडमध्ये एका शेतावरच्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलेला 12 वर्षांचा मुलगा उपासमार आणि मारहाणीमुळे मरण पावला. सारा देश हळहळला, चौकशी झाली, आणि 1948 मध्ये मुलांच्या संरक्षणासाठी नवा कायदा आला. नाटकाला या घटनेचा आधार आहे. नाटकातला असाच एक मुलगा आपल्या बाईंना पत्र लिहून मदत मागतो. बाई आजारी असतात. पत्र तसंच पडून राहतं आणि मूल जातं. बाई दुष्ट नव्हत्या, फक्त पत्र वेळेवर उघडलं गेलं नाही.

शिक्षकांनो, आपल्या वर्गात अशी पत्रं पाकिटातून येत नाहीत. ती वहीच्या मागच्या पानावर असतात, रोज रिकाम्या येणाऱ्या डब्यात असतात, एकदम गप्प झालेल्या चेहऱ्यावर असतात. पोर्टलवर माहिती भरण्याच्या गडबडीत ती राहून जातात. पालकांनो, शेजारच्या घरातलं मूलही असंच काही सांगत असेल. शंका आली तर विचारा, आणि गरज पडली तर 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा.

1971 मध्ये अगाथाबाईंना डेम हा मोठा किताब मिळाला. 12 जानेवारी 1976 रोजी, वयाच्या 85 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

उद्या वर्गात हजेरी घेताना प्रत्येक नावासोबत त्या मुलाचा चेहराही नीट बघाल ना?