पन्नास टक्क्यांचा पहिला हुकूम काढणारा राजा

कोगनोळीचा टोलनाका ओलांडून निपाणीकर कोल्हापूरला निघाला की आधी कागल लागतं. या कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतराव जन्मले. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. शिक्षण आधी राजकोटला, नंतर आपल्या धारवाडात फ्रेजरसाहेबांच्या देखरेखीखाली. २ एप्रिल १८९४ला कारभार हाती आला तेव्हा विशीही पूर्ण झाली नव्हती.

आज सीमाभागात चहाच्या टपरीवर बसा नाहीतर कॉलेजच्या कट्ट्यावर, नोकरीभरतीची जाहिरात आली की एक विषय निघतोच. आरक्षण अजून किती वर्षं चालायचं? गुणवत्तेचं काय? हा वाद राज्यघटनेपासून सुरू झाला असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तो त्याआधी जवळजवळ अर्धशतक कोल्हापुरात रंगला होता, आणि आक्षेपही थोड्याफार फरकाने हेच होते.

महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनात ७१ पदं होती. त्यातली ६० ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे. यात कोणी एकाने कट केला होता अशातला भाग नाही. लिहिणं-वाचणं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरात, नोकरी त्यांच्याच घरात, आणि नव्या माणसाची शिफारसही तेच करणार. बाहेरच्याला दार सापडणार कुठून?

महाराजांनी लगेच कायदा केला नाही, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आधी त्यांनी सौम्य उपाय करून पाहिला. १८९६ला सर्व जातींच्या मुलांसाठी राजाराम वसतिगृह काढलं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण प्रत्यक्षात ते जवळपास एकाच जातीच्या मुलांचं होऊन बसलं. मग १९०१पासून मराठा, जैन, पुढे मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशी वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं निघाली. जातवार बोर्डिंग काढून जात पक्की केली, असा आरोप आजही होतो. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण सर्वांसाठी म्हणून उघडलेल्या दारातून कोण आत आलं, हे त्यांनी आधी पाहिलं होतं.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले होते. बादशहा आजारी पडल्याने समारंभ लांबला होता. त्याच मुक्कामात २६ जुलैला कोल्हापूरच्या गॅझेटमध्ये हुकूम छापून आला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि असे पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले, अशी सरळ व्याख्या. ज्या खात्यात हे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक याच वर्गातून. कुणाची चालू नोकरी काढून घेतली नाही, प्रश्न फक्त पुढच्या जागांचा होता.

कारणही हुकमातच दिलं होतं. शिष्यवृत्त्या देऊन पाहिल्या, पण वरच्या शिक्षणाचं फळ सगळ्यांच्या हाती पडत नाही म्हणून खालची मुलं तिकडे वळत नाहीत, असा त्याचा मतलब. शेवटी नोकरीच नाही तर कुणबी पोराला कॉलेजात कशाला धाडील?

मला या हुकमातली सगळ्यात पक्की गोष्ट वाटते ती शेवटची. प्रत्येक खात्याने दर तिमाहीला नेमणुकांचं पत्रक पाठवायचं होतं. म्हणजे नुसती घोषणा नव्हे, हिशेबही. १९१२ला ९५ पदांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ राहिले होते.

आणखी एक गंमत. महाराजांचे ५० टक्के म्हणजे किमान होते. १९९२च्या इंद्रा साहनी निकालातले ५० टक्के म्हणजे कमाल. आकडा तोच, अर्थ उलटा.

हा हुकूम रायबागलाही लागू होता, कारण आज बेळगाव जिल्ह्यात असलेला रायबाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात होता. निपाणी-चिकोडी मात्र इंग्रजी मुलखात, तिथल्या पोराला यातलं काही नाही. हद्द बदलली की हक्क बदलतो, हे आपल्याकडे नवं नाही. कर्नाटकातला मराठा समाज वर्षानुवर्षं ३-ब प्रवर्गात धरला गेला आणि २-अ मागतो आहे. पलीकडे त्याचेच पाहुणे कुणबी दाखल्यासाठी फिरताहेत.

विरोध जोरात झाला. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर वाद घालायला आले तेव्हा महाराजांनी त्यांना घोड्यांच्या पागेत नेलं आणि दांडगी घोडी दुबळ्यांचा चंदी-हरभरा कसा खातात ते दाखवलं, अशी गोष्ट सांगतात. तिमाही पत्रकापेक्षा ही गोष्टच जास्त गाजली. पुढे कायदेमंडळात राखीव जागांचा प्रश्न आला तेव्हा १९१७ला आपल्याच अथणीत लोकमान्य टिळकांनी भाषण केलं. तेली, तांबोळी, कुणबी यांचं कायदेमंडळात काय काम, असा त्याचा रोख होता. तरी १९१९च्या सुधारणांत मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखल्या गेल्या. इकडे म्हैसूर संस्थानातही मिलर समितीनंतर १९२१ला असाच हुकूम निघाला. त्याच वादात दिवाण विश्वेश्वरय्या आधीच बाजूला झाले होते.

महाराजांच्या हुकमात एक उणीव होतीच. मागासलेले म्हणून सगळे एकाच पोत्यात घातले, तर त्यातला जोरकस आधी पुढे जाणार. मराठ्यांना फायदा लवकर पोहोचला, अस्पृश्यांना उशिरा. नंतरच्या वर्षांत त्यांनी स्वतःच त्यावर इलाज केले. १९१७ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड. १९१९ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सरसकट शाळेत घेतलं. महार तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. गंगाराम कांबळेंना कोल्हापुरात चहाचं दुकान काढून दिलं आणि स्वतः तिथला चहा प्यायले. मार्च १९२०ला माणगावच्या परिषदेत जाऊन त्यांनी तरुण आंबेडकरांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून लोकांपुढे उभं केलं.

६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ४७. हुकूम निघून तेव्हा २० वर्षंही पुरती झाली नव्हती. १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि रायबाग बेळगाव जिल्ह्यात आला.