विश्लेषण : परदेशी नेलेली परिचारिका आजारी पडली तर परतीचे भाडे कोणी द्यायचे? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या आयुष्यात या प्रश्नाचे स्थान काय?

परिचारिका मिळत नाहीत, मिळाल्या तर टिकत नाहीत आणि टिकलेल्यांपैकी काही सतत आजारपणाच्या रजेवर असतात, ही तक्रार आज जवळपास सगळ्या देशांतील रुग्णालयांची आहे. जगात ५९ लाख परिचारिका कमी आहेत, असा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मांडला होता. त्यावरचा उपायही सर्वत्र सारखाच दिसतो. दुसऱ्या गावाहून किंवा देशाहून परिचारिका आणायच्या आणि त्यांना विमानभाडे, व्हिसाचा खर्च, सुरुवातीची राहण्याची सोय असे काही देऊ करायचे. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि त्यात परिचारिकांचा समावेश आहे. हे सारे नवे वाटत असले तरी १२ मे रोजी जिचा जन्मदिवस परिचारिका दिन म्हणून साजरा होतो, त्या बाईने हीच डोकेदुखी १८५४ मध्ये अनुभवली होती. हातात दिवा घेतलेल्या तिच्या चित्रात ती दिसत नाही, एवढेच.

४९, बेलग्रेव्ह स्क्वेअर येथे काय घडले?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १८२० चा, इटलीतील फ्लॉरेन्स शहरातला. घर श्रीमंत. मुलीने रुग्णालयात काम करणे हे त्या घराला मोलकरणीच्या कामासारखेच वाटे. घरच्यांशी अनेक वर्षे झगडून त्यांनी १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवेर्थ येथे तीन महिने प्रशिक्षण घेतले. दोन वर्षांनी त्या लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या संस्थेच्या अधीक्षिका झाल्या. एवढ्या अनुभवावर ऑक्टोबर १८५४ मध्ये युद्धखात्याचे सचिव सिडनी हर्बर्ट यांनी त्यांना क्रिमियन युद्धातील जखमींसाठी परिचारिकांचे पथक घेऊन तुर्कस्तानला जाण्याची विनंती केली. टाइम्सच्या वार्ताहरांनी तिथल्या हालांची वर्णने छापल्यामुळे सरकारची अब्रू चव्हाट्यावर आली होती.

पथक उभारायला अवघे काही दिवस होते. हर्बर्ट यांच्या बेलग्रेव्ह स्क्वेअरमधील घरात मुलाखती झाल्या आणि उमेदवार बायका पाहून घेणाऱ्यांची निराशा झाली. देशसेवेच्या ओढीने आलेल्या फार थोड्या होत्या. बहुतेक जणी पगार ऐकून आल्या होत्या. त्यात वावगे काही नाही. लंडनच्या रुग्णालयात परिचारिकेला आठवड्याला सात ते दहा शिलिंग मिळत. इथे सुरुवातीलाच १२ ते १४ शिलिंग, शिवाय जेवण, राहणे आणि गणवेश. तीन महिने वर्तन चांगले राहिले तर १६ ते १८ आणि वर्षभर टिकल्यास २० शिलिंगपर्यंत. म्हणजे स्थलांतराचा भत्ता आणि टिकून राहण्याचा भत्ता, दोन्ही एकाच कागदावर होते.

त्या करारात आणखी एक कलम होते आणि ते आजही डोळ्यांत भरते. परिचारिका आजारी पडून परतली तर सरकार तिला पहिल्या वर्गाने घरी आणणार, पण गैरवर्तनासाठी काढून टाकली तर तिसऱ्या वर्गाने, खारवलेल्या अन्नावर. आजारपण आणि दोष यांत फरक करणारी ही तरतूद त्या काळाच्या मानाने उदार म्हणावी लागेल. मात्र कोणती परतपाठवणी आजारासाठी आणि कोणती वर्तनासाठी, हे ठरवणार कोण? अधीक्षिका. नाइटिंगेल यांची आज्ञा पूर्णपणे पाळण्याची हमी प्रत्येकीने सही करून दिली होती.

अखेर ३८ जणी निघाल्या. त्यांत १० रोमन कॅथलिक जोगिणी, आठ अँग्लिकन सिस्टर्स, सेंट जॉन्स हाउस या संस्थेच्या सहा आणि रुग्णालयांत काम केलेल्या १४ होत्या. या भरतीच्या वेळी मेरी सीकोल या जमैकन बाईंनाही नकार मिळाला. त्या स्वखर्चाने क्रिमियाला गेल्या आणि बालाक्लावाजवळ त्यांनी स्वतःचे उपाहारगृह आणि सेवाकेंद्र थाटले. प्रवासखर्चाशिवाय येणारी, उष्ण देशांतील तापांची माहिती असलेली अनुभवी बाई दारातून परत गेली, हे त्या भरतीचे अपयशच म्हणायला हवे.

स्कुटारीत परिचारिकाच का आजारी पडू लागल्या?

४ नोव्हेंबर १८५४ ला पथक स्कुटारीच्या बराकीत पोहोचले. आजच्या इस्तंबूलमधला हा उस्कुदार भाग. सगळ्या जणींना मोजक्या खोल्या मिळाल्या आणि त्यांतल्या एकीत एका रशियन अधिकाऱ्याचे प्रेत पडलेले होते. उंदीर होते, टेबल नव्हते. पिणे, धुणे आणि चहा मिळून माणशी दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी मिळे. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. ती १८५५च्या मार्चमध्ये आलेल्या स्वच्छता आयोगाने साफ करून घेतली आणि त्यानंतर सैनिकांचे मृत्यू झपाट्याने घटले. दुर्गंधीत राहणाऱ्या परिचारिकांना ताप, जुलाब होणे अटळ होते. मनुष्यबळाची पहिली गळती मात्र शिस्तीच्या आणि नाराजीच्या वाटेने झाली. सेंट जॉन्स हाउसच्या सहांपैकी चौघी डिसेंबरपर्यंत परतीच्या मार्गाला लागल्या.

त्याच महिन्यात मेरी स्टॅनली यांच्याबरोबर चाळीसहून अधिक बायकांची दुसरी तुकडी येऊन थडकली. नाइटिंगेल यांनी ती मागवली नव्हती. राहायला जागा नाही, पाणी नाही, डॉक्टरांना आहेत त्याच बायका नकोशा, आणि त्यात ही भर. त्यांनी राजीनाम्याची भाषा केली. या भांडणात अहंकार नव्हता असे नाही. पण मुद्दा खरा होता. माणसे पाठवणे सोपे असते, त्यांना ठेवायला धड जागा नसेल तर तीच माणसे काही दिवसांत रुग्ण बनतात. आज दूरच्या जिल्ह्यातील रुग्णालयात बदली झालेल्या परिचारिकेला क्वार्टर मिळाले नाही की काय होते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

१८५५च्या मे महिन्यात नाइटिंगेल स्वतः बालाक्लावाला गेल्या आणि काही दिवसांतच तापाने अंथरुणाला खिळल्या. जवळपास दोन आठवडे त्या वाचतील की नाही याची शाश्वती नव्हती. इंग्लंडला परत जाण्याचा सल्ला त्यांनी धुडकावला. पहिल्या वर्गाने घरी जाण्याचा हक्क त्यांनाही होता, तो त्यांनी वापरला नाही. ऑगस्टमध्ये पहिल्या तुकडीतल्या एलिझाबेथ ड्रेक बालाक्लावातच तापाने गेल्या. साठी ओलांडलेल्या वेल्श परिचारिका बेट्सी डेव्हिस आजारी होऊन मायदेशी परतल्या. या बेट्सीबाईंचे नाइटिंगेल यांच्याशी पटत नसे आणि आपल्या आठवणींत त्यांनी ते लपवलेही नाही. आज उत्तर वेल्सचे आरोग्य मंडळ बेट्सी कडवालाडर या त्यांच्या मूळ नावाने ओळखले जाते.

आजारपणाकडे नाइटिंगेल कशा पाहत?

सन १८५६ मध्ये परतल्यावर त्यांनी हिशेब मांडायला घेतला. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने सैनिकांच्या मृत्यूंचे जे केले ते सर्वश्रुत आहे. त्यामानाने कमी माहीत असलेली गोष्ट अशी की, रुग्णालयांवरच्या आपल्या पुस्तकाच्या १८६३च्या आवृत्तीत त्यांनी परिचारिकांच्या मृत्यूंचे आकडेही मांडले. लंडनच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या स्त्रिया संसर्गजन्य रोगांनी इतर स्त्रियांपेक्षा जास्त प्रमाणात मरत होत्या. तोवर परिचारिका आजारी पडली की ती नाजूक, निष्काळजी किंवा दारूबाज ठरे. नाइटिंगेल यांनी बोट इमारतीकडे वळवले. परिचारिकांमधले आजारपण हे रुग्णालयाच्या आरोग्याचे माप आहे, असा त्याचा अर्थ होता.

त्यांची स्वतःची प्रकृती १८५७ नंतर कधीच पूर्ण सुधारली नाही. तो क्रिमियातला ताप म्हणजे ब्रुसेलोसिस असावा आणि त्याने दीर्घकाळ पाठ सोडली नसावी, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. पुढची अनेक वर्षे त्यांनी बहुतेक काम घरातून, बऱ्याचदा पलंगावरून केले. मंत्री त्यांच्याकडे येत, त्या कोणाकडे जात नसत.

चांगला पगार देऊन परिचारिका टिकल्या का?

युद्धाच्या काळात जनतेने उभारलेल्या सुमारे ४५ हजार पौंडांच्या निधीतून १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षण शाळा निघाली. शिकाऊ मुलींना राहणे, जेवण, गणवेश मोफत आणि वर्षाला १० पौंड. बदल्यात प्रशिक्षणानंतर निधी सांगेल त्या रुग्णालयात काही वर्षे काम करण्याचे बंधन होते. आपल्याकडच्या बाँडची ही आजीच म्हणायची. शाळेची गळतीही मोठी होती. कोणी आजारी पडे, कोणाला शिस्तभंगासाठी काढले जाई, कोणी लग्न करून जाई.

दूर पाठवलेल्यांची गोष्ट आणखी कठीण. १८६५ मध्ये ॲग्नेस जोन्स १२ परिचारिका घेऊन लिव्हरपूलच्या अनाथ-निराधारांच्या रुग्णालयात गेल्या. रुग्ण हजाराच्या वर. पैसा विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने दिला होता, त्यामुळे चणचण पैशाची नव्हती. जोन्स यांनी तीन वर्षे अविश्रांत काम केले आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी, टायफसने त्यांचा बळी घेतला. नाइटिंगेल यांनी त्यांच्यावर लेख लिहून तरुणींना पुढे येण्याचे आवाहन केले. लेखाचा परिणाम झाला, पण एकाच बाईच्या प्रकृतीवर अख्खे रुग्णालय उभे करण्याची पद्धत त्याने बदलली नाही. इथे नाइटिंगेल कमी पडल्या, असे वाटते. त्यागाचे कौतुक त्यांच्या लेखणीला सहज साधे, बदली माणसाची सोय मात्र मागे राही.

त्याच वर्षी मार्चमध्ये लुसी ऑस्बर्न आणि पाच परिचारिका सिडनीत उतरल्या. न्यू साउथ वेल्स सरकारने त्यांना मागवले होते, खर्च वसाहतीचा, करार तीन वर्षांचा. आठवडाभरातच राणीचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड याच्यावर गोळी झाडली गेली आणि त्याची शुश्रूषा या परिचारिकांकडे आली. नाव झाले. पण इन्फर्मरीच्या इमारतीत किडे आणि घाण, ऑस्बर्न स्वतः वारंवार आजारी, सहकाऱ्यांशी खटके. करार संपल्यावर बहुतेक जणी पांगल्या. हाल्डेन टरिफ मेलबर्नच्या नव्या आल्फ्रेड रुग्णालयाच्या पहिल्या मेट्रन झाल्या. म्हणजे सिडनीने भाडे भरले, लाभ मेलबर्नला. नाइटिंगेल ऑस्बर्न यांच्यावर नाराज झाल्या. ऑस्ट्रेलियाचा फायदा मात्र झाला, कारण पांगलेल्या बायका आपले शिक्षण बरोबर घेऊन गेल्या.

या अनुभवांनंतर नाइटिंगेल यांचा भर पगारापेक्षा घरावर आलेला दिसतो. लंडनच्या गरीब वस्त्यांत जाणाऱ्या परिचारिकांविषयी १८७६ मध्ये टाइम्सला लिहिलेल्या पत्रात त्यांनी दिवसभराच्या कामानंतर परतायला नीट घर, गरम जेवण आणि सोबत हवी, असे आग्रहाने मांडले. एकटीने खोली घेऊन राहणारी, स्वतः रांधणारी परिचारिका लवकर खचते, हे त्यांचे निरीक्षण होते. आपल्या शाळेतली एखादी परिचारिका आजारी असल्याचे कळले की त्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून पदार्थ पाठवत, हवापालटाचा खर्चही करत. परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला मात्र त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला. चारित्र्य परीक्षेने मोजता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे परिचारिकांना हक्क मागण्याचे एक साधन उशिरा मिळाले.

भारतात काय झाले?

नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत. तरी १८६५ मध्ये त्यांनी इथल्या रुग्णालयांसाठी शुश्रूषेची योजना लिहून पाठवली होती. सरकारी विभागांनी ती फुगवली आणि मग खर्चाचे कारण देऊन बाजूला ठेवली. दोन दशकांनंतर, २१ फेब्रुवारी १८८८ रोजी, लष्करी रुग्णालयांसाठी दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. त्यांच्या प्रमुख कॅथरीन लॉख रावळपिंडीला गेल्या.

या योजनेमागे सरसेनापतींच्या पत्नी लेडी रॉबर्ट्स होत्या. परिचारिकांचा खर्च सरकारने उचलावा, असे त्यांनी मान्य करून घेतले. उन्हाळ्यात मैदानी छावण्यांत त्या टिकणार नाहीत हेही त्यांनी आधीच ओळखले आणि वर्गणी गोळा करून डोंगरात विश्रांतीगृहे उभारायला घेतली. पहिले मरी येथे निघाले. थकलेल्या किंवा तापातून उठलेल्या परिचारिकेने तिथे राहायचे, बरे व्हायचे आणि पुन्हा कामावर रुजू व्हायचे, अशी ती व्यवस्था होती. नाइटिंगेल तेव्हा ६७ वर्षांच्या होत्या. त्यांचे निधन १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडनमध्ये झाले.