विश्लेषण : रावळगावचा साखर कारखाना ते कुर्ल्याची मोटार... वालचंद हिराचंद यांना नुसती जुळणी का नको होती?

मालेगाव तालुक्यातील रावळगाव म्हटले की बहुतेकांना गोळ्या-चॉकलेटे आठवतात. मात्र ज्या उद्योजकाने तिथे साखर कारखाना उभा केला, त्यानेच मुंबईत कुर्ल्याला मोटारींचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांना परदेशी खोक्यांतून आलेली गाडी नुसती जोडायची नव्हती. ती इथेच घडवायची होती. हे इतके अवघड का होते आणि त्यातले किती साधले, याविषयी...

वालचंद हिराचंद कोण होते?

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या गुजराती जैन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरच्या व्यवसायात मन न रमल्याने त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली. बोरघाटातील बोगद्यांच्या कामाने त्यांचे नाव झाले. १९१९ मध्ये त्यांनी भागीदारांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी स्थापन केली. तिची लॉयल्टी ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेला पाळला जातो.

मालेगावशी संबंध काय?

बांधकामातून मिळालेला पैसा त्यांनी शेतीत घातला. रावळगावच्या खडकाळ जमिनीवर ऊस उभा राहिला आणि १९३३ मध्ये रावळगाव शुगर फार्म ही कंपनी स्थापन झाली. पुढे गोळ्या-चॉकलेटांचे उत्पादनही सुरू झाले. कच्चा माल पिकवण्यापासून पक्का माल विकण्यापर्यंत सगळे एकाच ठिकाणी, ही पद्धत इथे दिसते. मोटारीच्या बाबतीतही त्यांना हेच हवे होते.

मोटारीची कल्पना पुढे कशी आली?

भारतात मोटार कारखाना हवा, हा विचार सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आधीच मांडला होता. वालचंद यांनी तो उचलून धरला आणि अमेरिकी कंपन्यांशी बोलणी केली. क्रायस्लर तयार झाली. पण दुसरे महायुद्ध सुरू होते आणि ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्यातून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या क्रायस्लरच्या गाड्या तिथे जोडल्या जात.

जुळणी आणि निर्मितीत फरक काय?

जुळणीत सगळे सुटे भाग परदेशातून येतात. इथे वेल्डिंग, रंगकाम आणि नट-बोल्ट आवळण्याचे काम होते. निर्मितीत प्रत्येक भाग इथे बनतो.

सीट, दरवाजाच्या आतले अस्तर, रबरी पट्ट्या हे भाग तुलनेने लवकर देशी करता येतात. त्यांना मोठी यंत्रे लागत नाहीत; कारागीर आणि छोटे कारखाने पुरतात. खरी अडचण बॉडीची. दरवाजा, बॉनेट, छत यांसाठी पोलादी पत्रा प्रचंड प्रेसखाली साच्यात दाबावा लागतो. त्या साच्याला डाय म्हणतात. प्रत्येक भागाची डाय वेगळी, अचूक आणि महाग.

एक काल्पनिक हिशेब पाहू. डायचा संच १० लाख रुपयांचा धरला आणि १ लाख गाड्या विकल्या, तर एका गाडीवर १० रुपये बोजा येतो. गाड्या १ हजारच विकल्या, तर तोच बोजा १ हजार रुपये होतो. त्या काळी भारतात गाड्यांचा खप अगदी कमी होता. त्यामुळे गाडी पूर्णपणे देशी करणे म्हणजे सुरुवातीला तोटा पत्करण्याची तयारी ठेवणे होते.

वालचंद यांच्या हयातीत किती साधले?

विमान, जहाज आणि मोटार या तीन उद्योगांत त्यांनी उडी घेतली. बंगळूरुचा विमान कारखाना युद्धकाळातच सरकारकडे गेला. विशाखापट्टणमची गोदी १९५२ मध्ये सरकारी नियंत्रणात आली. समूहाकडे उरली ती मोटार.

कुर्ल्यात सुटे भाग बनवण्याचे काम सुरू झाले, इटलीच्या फियाटशी सहकार्यही जुळले. पण १९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघात झाला आणि १९५० मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी टॅरिफ कमिशनने उत्पादनाचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच वाव देण्याची शिफारस केली. केवळ जुळणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने भारतातून काढता पाय घेतला. वालचंद यांचा आग्रह आता सरकारी धोरण झाला होता. ते पाहायला ते नव्हते.

पुढे काय झाले?

फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली आणि तिचीच पुढची आवृत्ती प्रीमियर पद्मिनी म्हणून घराघरात पोहोचली. पुढे सलग बाकासारखी सीट आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, ही मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख बनली.

मात्र १९६० च्या दशकातली ती बॉडी थोड्याफार फरकाने शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. महागड्या डाय बदलण्याइतका खप नव्हता आणि परवाना पद्धतीमुळे स्पर्धाही नव्हती. गाडी देशी झाली, पण नवे डिझाइन घडवण्याची सवय लागली नाही. वालचंद यांनी सुरू केलेल्या कामाचा हा अर्धा भाग मागेच राहिला. मुंबईत अखेरची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवली गेली. तिची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.