परक्या देशातील शिक्षिका : पंडिता रमाबाई

दिल्लीस जाणाऱ्या मराठी माणसाला कस्तुरबा गांधी मार्ग अगदीच परका वाटत नाही, कारण नवे महाराष्ट्र सदन त्याच रस्त्यावर आहे. जर्मन भाषा शिकवणारे मॅक्स म्युलर भवनही तेथेच आहे. ज्या पंडिताचे नाव या भवनाला दिले आहे, त्याच्या ऑक्सफर्ड येथील घरी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात एक मराठी विधवा काही दिवस पाहुणी म्हणून राहिली होती. त्या पंडिता रमाबाई. आपल्यापैकी कोणी आपला गाव सोडून नव्या ठिकाणी शिक्षकाचे काम शोधत असेल, तर त्याने त्यांच्या चरित्रातील हा भाग अवश्य ध्यानी घ्यावा.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने ते ज्ञान मुलीला दिले. घरात धन नव्हते, ही विद्या मात्र होती. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी या देशाला स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात, असे आग्रहाने सांगितले.

स्वतः डॉक्टर व्हावे या इच्छेने त्या १८८३ साली इंग्लंडला निघाल्या. प्रवासखर्च ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला, पण तो फुकटचा नव्हता. हिंदुस्थानात सेवेसाठी जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवावे आणि स्वतः इंग्रजी शिकावे, असे ठरले. वाचकहो, परक्या देशातील त्यांचे पहिले काम त्यांना मायबोलीने मिळवून दिले!

त्या वर्षी २९ सप्टेंबर रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पण तेथेच त्यांच्या सोबतीण आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे रमाबाईंची वैद्यकीय शिक्षणाची आशाही मावळली. ज्यासाठी समुद्र ओलांडला, तेच दार बंद झाले.

अशा वेळी वडिलांनी घरात आणलेली विद्याच कामी आली. १८८४ साली चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात, प्राचार्या डोरोथिया बील यांच्या हाताखाली, त्या स्वतः शिकता शिकता संस्कृत शिकवू लागल्या. पुढे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघताच हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई आश्रयदात्यांच्या उपकारांखाली होत्या, तरी गप्प बसल्या नाहीत. मायदेशी आपण पुरुषांच्या सभांत बोललो आहोत, तेव्हा येथे त्यात गैर काय, हे त्यांनी निर्भीडपणे कळवले. निवारा स्वीकारला म्हणून विवेकही गहाण टाकला पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. ज्यांच्या भाकरीवर दिवस काढायचे, त्यांच्याशीच मतभेद दाखवणे किती कठीण, हे नव्या गावात नोकरी करणाऱ्यास सांगायला नको.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले आणि विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. विधवेने शिकावे, शिक्षिका व्हावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा त्यामागचा हेतू. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. पुढे केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

प्रिय वाचकहो, इंग्लंडात कामाच्या शोधात असलेल्या बाईने मायदेशी परतल्यावर कितीतरी निराधार स्त्रियांना काम करण्याजोगे केले. आपणही नव्या गावी जाल तेव्हा घरी शिकलेले क्षुल्लक मानू नका. कोणाला तरी त्याचीच गरज असेल. आणि आपला जम बसला की मागून येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवा.