डॉ. प्रफुल्लकुमार सेन : रक्तवाहिन्यांचे उपासक

माणगाव, रोहा, महाड या पट्ट्यातील कुटुंबांना परळचे केईएम रुग्णालय नवे नाही. गावात निदान झाले नाही की आजाऱ्याला घेऊन मुंबईची वाट धरायची, ही येथील जुनी रीत. त्याच रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आपले आयुष्य वेचले. हृदयारोपणाचा अयशस्वी प्रयत्न करणारे शल्यविशारद एवढीच त्यांची ओळख आज उरली आहे. त्यांचे कार्य मात्र त्याहून पुष्कळ मोठे होते.

सेन यांचा जन्म १९१५ साली कोलकाता येथे झाला. परंतु त्यांची कर्मभूमी मुंबई ठरली. अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन ते केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात परतले. हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांचा पाया तेथे ज्यांनी घातला, त्यांत सेन अग्रणी होते.

त्या काळी एक विलक्षण व्याधी त्यांच्यापुढे वारंवार येई. वृद्ध नव्हे, तर ऐन तारुण्यातील रुग्ण, त्यांतही बऱ्याच स्त्रिया, अतिशय वाढलेला रक्तदाब घेऊन येत. हातांतील रक्तदाब चढलेला, तर पायांतील नाडी मंद. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीला दाह होऊन ती जाड व अरुंद झालेली असे. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या धमन्याही आक्रसत आणि त्यामुळे रक्तदाब अधिकच भडके. सेन यांनी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किनरे व शल्यविशारद डॉ. परुळकर यांच्यासह या रोगाचा चिकाटीने अभ्यास केला. १९६० च्या दशकात प्रसिद्ध झालेले त्यांचे शोधनिबंध परदेशांतही अभ्यासले गेले.

हृदयालाच रक्त पुरविणाऱ्या धमन्या तुंबल्या तर काय करावे, हा त्यांचा दुसरा ध्यास. सापाच्या हृदयात रक्त पोकळीतून थेट स्नायूंत झिरपते, हे ध्यानी घेऊन त्यांनी माणसाच्या हृदयासाठी तशीच योजना कल्पिली. हृदयाच्या भिंतीला सुईने सूक्ष्म छिद्रे पाडून स्नायूला रक्त पोहोचविण्याची ही पद्धत त्यांनी १९६५ साली सहकाऱ्यांसह मांडली. पाडलेली छिद्रे कालांतराने बुजून जात, ही तिची मोठी अडचण होती. तरीही पुढे इतर संशोधकांनी सुईऐवजी लेझर किरण वापरून हाच विचार पुन्हा हाती घेतला.

डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयारोपण केले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांनी केईएममध्ये ती शस्त्रक्रिया केली. असे धाडस करणारे ते जगातील चौथे व आशियातील पहिले शल्यविशारद होत. रुग्ण सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला; तो रुग्णही एक दिवस पुरा होण्याआधी दगावला. दोन्ही वेळा घात केला तो रुग्णांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांनी. त्यांतील विरोध इतका वाढलेला होता की नव्या हृदयाला त्याविरुद्ध रक्त ढकलणे झेपले नाही. ज्या रक्तवाहिन्यांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला, त्यांनीच त्यांची वाट अडविली.

१९६९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. चित्रकला व काव्य यांचीही त्यांना आवड होती. १९८२ साली ते निवर्तले. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आपल्या देशात १९९४ साली संमत झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. वेणुगोपाल यांनी हृदयारोपण यशस्वी केले. ते पाहण्यास सेन हयात नव्हते.

त्या दोन रुग्णांचे प्राण वाचले नाहीत, हे सत्य झाकण्याचे कारण नाही. परंतु प्रत्यारोपणापूर्वी रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तदाब व विरोध आज कसोशीने तपासला जातो, कारण त्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होते हे अशाच अपयशांनी वैद्यकाला शिकविले. सेन यांचे स्मरण करताना हा धडा आणि त्यामागील दोन अनाम रुग्ण, दोघांनाही आपण विसरू नये.