संत चार्ल्स द फुको : बारा वर्षांनंतरचे पापनिवेदन

१५ मे २०२२ रोजी रोम येथे पोप फ्रान्सिस ह्यांनी दहा जणांना संतपद बहाल केले. त्या दिवशी आपणा भारतीयांचे लक्ष साहजिकच तमिळनाडूचे रक्तसाक्षी देवसहायम पिल्लई ह्यांच्याकडे लागले होते. संतपदाला पोहोचलेले ते पहिले भारतीय प्रापंचिक. त्या आनंदात त्याच दहा जणांतील एका फ्रेंच धर्मगुरूंच्या नावाकडे आपल्याकडे थोडे दुर्लक्षच झाले. संत चार्ल्स द फुको हे ते नाव. १ डिसेंबर हा त्यांचा स्मरणदिन.

त्यांच्याविषयी आपल्याकडे जे काही सांगितले जाते ते बहुधा सहारा वाळवंटातील त्यांच्या एकांतवासाविषयी असते. आम्हांला मात्र त्याआधीची बारा वर्षे अधिक विचार करण्यासारखी वाटतात. त्या बारा वर्षांत ह्या मनुष्याच्या जीवनात देव नव्हता. आज आपल्या कितीतरी घरांत आईवडील रविवारी मिस्साला निघतात तेव्हा एक मुलगा किंवा मुलगी खोलीचे दार लोटून आतच बसून राहते. भांडण झालेले नसते, धर्माचा द्वेषही नसतो; श्रद्धा नुसती विझलेली असते. चार्ल्स ह्यांचे नेमके तेच झाले होते.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८५८ रोजी स्ट्रासबर्ग येथे एका जुन्या सरदार घराण्यात झाला. १८६४ साली पाच महिन्यांच्या अंतराने आई आणि वडील दोघेही निवर्तले. सहा वर्षेही पूर्ण न झालेला चार्ल्स आणि त्याची धाकटी बहीण ह्यांचा सांभाळ आईच्या वडिलांनी, निवृत्त कर्नल द मोर्ले ह्यांनी केला. १८७० च्या युद्धात स्ट्रासबर्ग जर्मनांकडे गेले आणि हे कुटुंब नॅन्सी शहरी येऊन राहिले. आजोबा श्रद्धावान होते, पण पोरक्या नातवाच्या बाबतीत फारच हळवे होते. २८ एप्रिल १८७२ रोजी चार्ल्सने प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले. त्या वेळी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठ्या असलेल्या मारी ह्या आतेबहिणीने त्याला बिशप बोस्युए ह्यांचा ख्रिस्ती रहस्यांवरील चिंतनांचा ग्रंथ भेट दिला. ह्या ग्रंथाची आठवण वाचकांनी ठेवावी.

पुढच्या दोनच वर्षांत श्रद्धा गेली. चार्ल्सला वाचनाचे विलक्षण वेड होते आणि काय वाचावे हे सांगणारे कोणी नव्हते. एका मित्राच्या सोबतीने त्याने हाती येईल ते वाचून काढले. तत्त्ववेत्त्यांमध्ये एकमत नाही, एक धर्म दुसऱ्याला खोडून काढतो, मग ह्यांपैकी कशावर म्हणून विश्वास ठेवावा, असे त्याचे मत बनले. कोणा शिक्षकाने त्याला धर्माविरुद्ध चिथावले नव्हते. शाळेत धर्मावर टीका होत नसे. धर्माविषयी काही बोललेच जात नसे. आमच्या मते मुलांच्या श्रद्धेला विरोधापेक्षा हे मौन अधिक घातक ठरते, कारण विरोध झाला तर मूल निदान प्रश्न तरी विचारते. १८७४ साली मारीचा विवाह होऊन ती मारी द बोंदी झाली. त्याच वर्षी चार्ल्स शिक्षणासाठी पॅरिसला येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत गेला. तेथून त्याला आळस आणि बेशिस्त ह्या कारणांवरून काढून टाकण्यात आले.

त्यानंतरचा काळ आम्ही थोडक्यात आटोपतो, कारण चरित्रकारांनी तो पुरेसा रंगवलेला आहे. १८७६ साली सैं-सीरच्या लष्करी विद्यालयात प्रवेश, १८७८ साली आजोबांचे निधन आणि त्यांच्या पश्चात हाती आलेली मोठी मालमत्ता, सोम्यूरच्या घोडदळ विद्यालयातील मेजवान्या आणि सत्त्याऐंशी विद्यार्थ्यांत सत्त्याऐंशीवा क्रमांक. १८८० साली पलटण अल्जेरियात गेली तेव्हा त्यांनी एका स्त्रीला आपली पत्नी म्हणून सोबत नेले. वरिष्ठांनी तिला परत पाठवण्यास सांगितले असता त्यांनी साफ नकार दिला आणि सेवेतून दूर होणे पत्करले. परंतु थोड्याच काळात, आपली पलटण लढाईत उतरली आहे हे कळताच, तिला सोडून ते साथीदारांकडे धावले. ऐषारामाला सोकावलेला हा तरुण रणांगणात तहान आणि थकवा हसत सोसतो, हे पाहून सैनिक चकित झाले. मनुष्य वाया गेला असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्यातील काय शिल्लक आहे हे आपल्याला दिसत नसते.

१८८२ साली त्यांनी लष्कराची नोकरी सोडली आणि मोरोक्कोच्या शोधयात्रेची तयारी सुरू केली. तो देश त्या वेळी ख्रिस्ती युरोपियनांना जवळजवळ बंद होता. ओळख पटली तर प्राणांशी गाठ होती. अल्जिअर्समध्ये ते अरबी आणि हिब्रू शिकले, ज्यू रब्बीचा वेष धारण केला आणि मार्डोके अबी सेरूर नावाच्या खऱ्या रब्बींना वाटाड्या म्हणून सोबत घेतले. जून १८८३ ते मे १८८४ असे अकरा महिने हा सरदारपुत्र तुच्छतेने वागवल्या जाणाऱ्या एका गरीब ज्यूच्या रूपात गावोगाव हिंडला. तळहातात मावेल एवढ्या वहीत लपूनछपून नोंदी केल्या. त्या देशातील तपशीलवार मोजमाप झालेल्या मार्गांची लांबी ह्या एका प्रवासाने किमान दुप्पट झाली. १८८५ साली पॅरिसच्या भूगोल संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले.

पदकापेक्षाही मोठी गोष्ट त्यांनी मोरोक्कोतून आणली होती, ती म्हणजे अस्वस्थता. तेथे त्यांनी दिवसातून पाच वेळा सर्व कामे थांबवून ईश्वरापुढे वाकणारी माणसे पाहिली. हाज्जी बू र्‍हीम नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी तर, हा परका आहे हे कळल्यावरही, स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांचे रक्षण केले. ईश्वराच्या सान्निध्यात अखंड जगणाऱ्या त्या लोकांकडे पाहून, जगाच्या धकाधकीपलीकडे काहीतरी अधिक सत्य असावे, ही जाणीव त्यांच्या मनाला चाटून गेली. पुढे १९०१ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे मोकळेपणाने नमूद केले आहे. एका ख्रिस्ती संताला देवाची पहिली आठवण मुस्लिम बांधवांच्या नमाजाने करून दिली, हे सांगताना आम्हांला कोणताही संकोच वाटत नाही. प्रभूला जे दार उघडे सापडते त्यातून तो आत येतो.

१८८६ च्या प्रारंभी चार्ल्स पॅरिसमध्ये घर भाड्याने घेऊन राहू लागले आणि प्रवासग्रंथाच्या लेखनात गढले. आत्याच्या घरी त्यांचे येणेजाणे पुन्हा सुरू झाले. तेथे मारी होती. इतक्या वर्षांच्या बदलौकिकाचा त्या घरात कोणी उच्चारही केला नाही. ती माणसे मिस्साला जात होती, प्रार्थना करीत होती, बुद्धिमान होती आणि भाच्यावर त्यांचे प्रेम होते. मारीने त्यांच्याशी धर्मावर वाद घातला नाही, त्यांना उपदेशही केला नाही. तिच्या मौनाने, सौम्यपणाने आणि चांगुलपणाने आपल्याला ओढले, असे चार्ल्स पुढे कृतज्ञतेने सांगत असत. इतकी शहाणी व्यक्ती ज्या धर्मावर विश्वास ठेवते तो धर्म मूर्खपणाचा असेल काय, असा प्रश्न त्यांना पडला. बारा वर्षांत श्रद्धेच्या बाजूने त्यांच्या मनात उठलेला हा पहिला युक्तिवाद होता, आणि तो कोणत्याही पुस्तकातून आलेला नव्हता.

तरी पुस्तकानेही आपले काम केलेच. सद्‌गुणांविषयी काही वाचावे म्हणून त्यांनी प्राचीन ग्रीक-रोमन लेखक चाळले आणि ते निराश झाले. मग मारीने प्रथम ख्रिस्तशरीराच्या वेळी दिलेला बोस्युए ह्यांचा तो ग्रंथ त्यांनी उघडला. चौदा वर्षांपूर्वी दिलेल्या भेटीचा असा उपयोग होईल हे देणारीलाही ठाऊक नव्हते. ह्याच सुमारास ते चर्चमध्ये जाऊन तासन्‌तास बसू लागले. विश्वास नव्हताच, तू असशील तर मला तुझी ओळख करून दे, अशा आशयाची विचित्र विनवणी ते पुनःपुन्हा करीत.

पॅरिसच्या संत ऑगस्टीन चर्चमध्ये तेव्हा फादर हुवेलिन हे साहाय्यक धर्मगुरू होते. (परतलेल्या पुत्रांत अग्रणी असलेल्या संताचेच नाव त्या चर्चला असावे, हा योगायोगही लक्षात राहण्यासारखा आहे.) हे विद्वान गृहस्थ मोठ्या पदाची अपेक्षा न धरता तेथेच राहिले होते. संधिवाताने त्यांचे शरीर पोखरले होते, तरी ते पापनिवेदनासाठी येणाऱ्यांना कधी परत पाठवीत नसत. ऑक्टोबर १८८६ च्या अखेरीस एका सकाळी अठ्ठावीस वर्षांचे चार्ल्स त्यांच्या पापनिवेदनपीठापाशी गेले. पण गुडघे टेकले नाहीत. आपण पापनिवेदनासाठी आलो नाही, आपली श्रद्धा नाही, आपल्याला धर्माचे शिक्षण हवे आहे, असे त्यांनी उभ्याउभ्याच सांगितले. फादर हुवेलिन ह्यांनी चर्चा सुरू केली नाही. त्यांनी त्यांना गुडघे टेकून पापे निवेदन करण्यास सांगितले. चार्ल्स ह्यांनी गुडघे टेकले आणि सारे आयुष्य सांगून टाकले. नंतर फादरांनी एवढेच विचारले की, सकाळपासून काही खाल्ले आहे काय. त्या काळी मध्यरात्रीपासून उपाशी राहिल्याखेरीज ख्रिस्तशरीर घेता येत नसे. काही खाल्ले नव्हते. फादरांनी त्यांना तत्काळ ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास पाठवले.

आमच्या सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या अध्यापकांपुढे हे प्रकरण ठेवले असते तर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असत्या. श्रद्धा नाही असे तोंडाने सांगणाऱ्याला पापक्षमा कशी द्यावी? आक्षेप योग्य आहे, आणि हे उदाहरण प्रत्येक ठिकाणी गिरवावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु फादर हुवेलिन ह्यांच्यापुढे उभा असलेला माणूस कित्येक आठवडे प्रार्थना करून आला होता. प्रार्थना करणाऱ्याची श्रद्धा नाही असे म्हणायचे तरी कसे? त्याच्या बुद्धीला अजून जे उमगले नव्हते ते त्या आजारी धर्मगुरूंनी ओळखले. कुमसार ऐकावयास बसणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना ह्या प्रसंगाचे चिंतन पुरेसे आहे.

देव आहे हे पटताक्षणीच त्याच्यासाठीच जगण्यावाचून आपल्याला दुसरा मार्ग उरला नाही, असे चार्ल्स ह्यांना वाटले. ते तत्काळ मठात जाण्यास निघाले होते. फादर हुवेलिन ह्यांनी त्यांना तीन वर्षे थोपवून धरले. पवित्र भूमीची यात्रा करावयास लावली. नाझरेथच्या गल्ल्यांतून चालताना तीस वर्षे तेथे अज्ञात कारागीर म्हणून राहिलेल्या प्रभू येशूचे दर्शन त्यांना घडले आणि शेवटच्या जागेची ओढ लागली. जानेवारी १८९० मध्ये ते त्रापिस्त मठात दाखल झाले. तेथील गरिबीही त्यांना कमी वाटली. १८९७ ते १९०० ह्या काळात ते नाझरेथ येथे क्लारिस्ट भगिनींच्या मठाचे नोकर होते आणि अवजारे ठेवण्याच्या खोपट्यात राहत होते. ९ जून १९०१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी ते अल्जेरियातील बेनी अबेस येथे गेले, आणि १९०५ साली त्याहून दूर, तुआरेग लोकांच्या तामनरासेत येथे.

तेथेही एक परतणे बाकी होते. १९०८ च्या जानेवारीत भीषण दुष्काळ होता. स्वतःजवळचे सारे धान्य वाटून टाकलेले हे धर्मगुरू मरणासन्न होऊन पडले. मिस्सासाठी सेवक नसल्यामुळे, त्या काळच्या नियमानुसार, त्यांना मिस्साही अर्पण करता येत नव्हती. द्यायला आलेल्या ह्या माणसाकडे देण्याजोगे काहीच उरले नाही. तेव्हा तुआरेग शेजाऱ्यांनी दूरदूर हिंडून हाडकुळ्या शेळ्यांचे मूठभर दूध गोळा केले आणि त्यांना जगवले. त्यानंतरचे चार्ल्स वेगळे दिसतात. त्यांनी तुआरेग भाषेचा शब्दकोश आणि काव्यसंग्रह ह्यांसाठी जीव ओतला. तो शब्दकोश त्यांच्या मृत्यूनंतर, १९५१-५२ साली चार खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांच्या हातून झालेल्या बाप्तिस्म्यांची संख्या नगण्य आहे.

एक गोष्ट झाकून ठेवू नये. ते अखेरपर्यंत फ्रेंच होते आणि लष्करातील जुन्या मित्रांशी त्यांचे संबंध कायम होते. फ्रेंच अमलाखालील गुलामगिरीविरुद्ध त्यांनी निर्भीडपणे लिहिले, काही गुलामांना पैसे भरून सोडवले. पण फ्रान्सचे ते राज्यच अन्यायाचे आहे असे त्यांना वाटले नाही. ह्या मुद्द्यावरून त्यांच्यावर होणारी टीका सगळीच निराधार नाही.

१ डिसेंबर १९१६ रोजी, पहिले महायुद्ध चालू असताना, सशस्त्र टोळीने त्यांना दाराबाहेर ओढून बांधले आणि गोंधळात एका तरुण पहारेकऱ्याने गोळी झाडली. वय अठ्ठावन्न. त्यांनी नियम लिहून ठेवले होते, पण त्यांच्याबरोबर राहणारा एकही बंधू त्यांना मिळाला नव्हता. येशूचे लहान बंधू हा संघ १९३३ साली आणि येशूच्या लहान भगिनी १९३९ साली उभा राहिला.

काही आठवड्यांनी फ्रेंच अधिकारी तेथे पोहोचले. पवित्र साक्रामेंत आराधनेसाठी ठेवण्याचे पात्र त्यांना वाळूत पडलेले सापडले. टपालात टाकण्यासाठी तयार असलेली, त्याच दिवशी लिहिलेली पत्रेही मिळाली. त्यांतील एक मारी द बोंदी हिच्या नावे होते.