दोराबजी टाटा

सर दोराबजी जमशेदजी टाटा (२७ ऑगस्ट १८५९, मुंबई – ३ जून १९३२, बाट किसिंगेन, जर्मनी) हे भारतीय उद्योगपती व दानशूर गृहस्थ होते. टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक जमशेदजी टाटा यांचे ते थोरले चिरंजीव. वडिलांनी आखलेल्या पोलाद कारखाना, जलविद्युत प्रकल्प आणि विज्ञान संस्था या तीन योजना त्यांनी प्रत्यक्षात आणल्या. मुंबईच्या गिरण्यांना व पुढे रेल्वेला सह्याद्रीच्या पाण्यावर तयार झालेली वीज पुरवणारी खोपोली, भिवपुरी व भिरा ही वीजगृहे त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली. यांपैकी खोपोली खालापूर तालुक्यात, तर भिवपुरी कर्जत तालुक्यात आहे. भारताच्या ऑलिंपिक चळवळीचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात.

जन्म व शिक्षण

दोराबजींचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव हिराबाई. धाकटे बंधू रतनजी हे त्यांच्यापेक्षा सुमारे साडेअकरा वर्षांनी लहान होते. प्राथमिक शिक्षण मुंबईत झाल्यावर १८७५ साली त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. १८७७ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे अभ्यासाबरोबरच क्रिकेट व फुटबॉल या खेळांत त्यांनी नाव मिळवले. १८७९ मध्ये ते मायदेशी परतले व मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून १८८२ साली पदवीधर झाले.

पदवीनंतर सुमारे दोन वर्षे त्यांनी बॉम्बे गॅझेट या वृत्तपत्रात काम केले. १८८४ पासून ते वडिलांच्या कापूस व कापड व्यवसायात दाखल झाले. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी गिरणीच्या कामाचा अनुभव घेतला. म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्यातील वरिष्ठ अधिकारी होरमसजी भाभा यांची कन्या मेहेरबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे. दोराबजी व मेहेरबाई यांना अपत्य नव्हते.

वडिलांचा वारसा

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेदजींचे निधन झाले. त्या वेळी त्यांच्या तिन्ही मोठ्या योजना अपुऱ्या होत्या. त्या पुढे नेण्याची जबाबदारी दोराबजी, रतनजी व त्यांचे नातेवाईक आर. डी. टाटा यांच्यावर आली. १९०७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीची स्थापना झाली आणि १९१२ मध्ये साकची (आजचे जमशेदपूर) येथे पोलादाचे उत्पादन सुरू झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची स्थापना १९०९ मध्ये होऊन १९११ पासून तेथे अध्यापन सुरू झाले. १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने दोराबजींना सर हा किताब दिला.

मुंबईसाठी विजेची निवड

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत. मुंबईच्या जवळपास कोळशाच्या खाणी नाहीत. त्यामुळे कोळसा बंगालमधून किंवा समुद्रमार्गे परदेशातून आणावा लागे. वाहतुकीचा खर्च मोठा होता आणि गिरण्यांच्या धुराने शहराची हवा बिघडत होती. विजेवर यंत्रे चालवायची, तर ती वीज कशापासून तयार करायची हा प्रश्न होता. शहरातच कोळसा जाळून वीज केल्यास कोळशाचा खर्च व धूर कायम राहणार होता. दुसरा पर्याय घाटमाथ्यावरील पावसाच्या पाण्याचा होता. ही कल्पना मुंबईतील वास्तुरचनाकार डेव्हिड गॉस्टलिंग यांनी जमशेदजींपुढे मांडली होती.

पाण्याचा पर्याय स्वस्त वाटला, तरी सोपा नव्हता. लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. गिरणी मात्र बारा महिने चालते. म्हणून पावसाचे पाणी अडवून उरलेले आठ महिने पुरवून वापरणे भाग होते. घाटमाथ्यावर धरणे बांधल्याशिवाय ही योजना होणे शक्य नव्हते.

या योजनेचे बळ घाटाच्या उंचीत होते. लोणावळ्याच्या पठारावरून खोपोलीपर्यंत पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली येते. एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली पडले, तर त्यात सुमारे १.३६ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. यंत्रांतील घट वजा जाता त्यातील मोठा भाग विजेत रूपांतरित करता येतो. त्यामुळे तुलनेने थोड्या पाण्यात बरीच वीज मिळते. नदीच्या मैदानी पात्रात एवढी उंची मिळत नाही.

तिसरा प्रश्न अंतराचा होता. खोपोली ते मुंबई हे अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. कमी दाबाने वीज एवढ्या दूर नेल्यास तिचा मोठा भाग तारा तापण्यात वाया जातो. दाब वाढवला की तीच वीज कमी प्रवाहाने नेता येते व घट कमी होते. म्हणून खोपोलीहून सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने वीज मुंबईला नेण्यात आली व तेथे रोहित्रांच्या साहाय्याने दाब उतरवून ती गिरण्यांना देण्यात आली.

खोपोली

टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना १९१० मध्ये झाली. भांडवल प्रामुख्याने भारतातूनच उभे राहिले. त्यात संस्थानिकांचाही वाटा होता. फेब्रुवारी १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यास कोनशिला बसवण्यात आली. लोणावळा, वळवण व शिरवता या तलावांचे पाणी कालव्यांतून घाटाच्या कडेपर्यंत आणून पोलादी नळांतून खोपोलीच्या वीजगृहात सोडण्यात आले. फेब्रुवारी १९१५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते पुरवठ्याचा प्रारंभ झाला. वाफेच्या इंजिनांत पैसा गुंतवलेले गिरणीमालक आरंभी साशंक होते. परंतु वीज नियमित व स्वस्त मिळते असे दिसल्यावर मागणी वाढत गेली.

भिवपुरी

वाढत्या मागणीसाठी १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. मावळातील ठोकरवाडी धरणाचे पाणी बोगद्यातून घाटाच्या कडेला आणून कर्जत तालुक्यातील भिवपुरीच्या वीजगृहात सोडण्यात आले. हे वीजगृह १९२२ मध्ये सुरू झाले. कर्जत व खालापूर हे तालुके त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होते. या जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले.

वीज तयार झाल्यावर भिवपुरीचे पाणी उल्हास नदीत सोडले जाते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील अनेक नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात. उल्हास मात्र या पाण्यामुळे बारमाही वाहते. कर्जत, नेरळ, शेलू, वांगणी व बदलापूर या पट्ट्याला आणि पुढे कल्याण परिसराला तिचा आधार मिळाला. खोपोलीचे पाणी अशाच प्रकारे पाताळगंगा नदीला मिळते. घाटापलीकडे मात्र तेच पाणी भीमेच्या खोऱ्यातून कमी होते. पूर्वेकडे वाहणारे पाणी पश्चिमेकडे वळवण्याचा हा प्रश्न पुढील काळात वादाचा विषय ठरला.

मुळशी सत्याग्रह

१९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनीची स्थापना झाली. मुळा खोऱ्यात मुळशी येथे धरण बांधून त्याचे पाणी कोकणातील भिरा येथे सोडण्याची ही योजना होती. या धरणामुळे मुळशी पेट्यातील ५० हून अधिक गावांना झळ पोहोचणार होती. भातशेतीच्या सुपीक जमिनी व पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडण्यास मावळ्यांनी नकार दिला. एप्रिल १९२१ मध्ये रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट हे या लढ्याचे नेते होते व याच लढ्यामुळे ते सेनापती बापट म्हणून ओळखले जाऊ लागले. विनायकराव भुस्कुटे हेही त्यात आघाडीवर होते. स्त्रियांसह अनेक सत्याग्रहींनी कारावास भोगला.

सरकारने भूसंपादन कायद्याचा आधार कंपनीला दिला. मोबदल्याच्या प्रश्नावर सत्याग्रहींत मतभेद झाले व १९२४ च्या अखेरीस लढा संपला. धरण पूर्ण होऊन १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृह सुरू झाले. मुंबईला स्वस्त वीज मिळाली. तिची किंमत मावळातील शेतकऱ्यांनी जमिनीच्या रूपाने दिली. धरणग्रस्तांच्या भारतातील आरंभीच्या संघटित लढ्यांत मुळशीची गणना होते. दोराबजींच्या कार्याचे मूल्यमापन करताना हा लढा वगळता येत नाही.

रेल्वेचे विद्युतीकरण

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर भारतातील पहिली विजेवर चालणारी प्रवासी गाडी धावली. गाडीसाठी १,५०० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह निवडण्यात आला होता. त्या काळच्या एकदिश मोटारींना सुरुवातीलाच मोठा ओढ देता येई व त्यांचा वेग आवरणे सोपे असे. वीजगृहात मात्र प्रत्यावर्ती प्रवाह तयार होई. म्हणून मार्गालगतच्या उपकेंद्रांत दाब उतरवून प्रवाहाचे रूपांतर करावे लागे. कमी दाबामुळे ही उपकेंद्रे थोड्याथोड्या अंतरावर लागत. अन्यथा दूरच्या गाडीपर्यंत पोहोचताना दाब घटत असे.

मुंबई भागातील रेल्वेला टाटांची जलविद्युत मिळू लागली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने मात्र केवळ विकतच्या विजेवर विसंबून न राहता कल्याणजवळ चोळा (ठाकुर्ली) येथे स्वतःचे कोळशावरील वीजगृह उभारले. १९२९-३० च्या सुमारास कल्याण–कर्जत–पुणे मार्गावर विजेची इंजिने धावू लागली आणि शेलू, नेरळ, भिवपुरी रोड या स्थानकांवरून विजेच्या गाड्या जाऊ लागल्या. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी ही याच मार्गावरील गाडी होय. एकविसाव्या शतकात मुंबईची १,५०० व्होल्ट पद्धत बदलून २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती पद्धत स्वीकारण्यात आली.

पोलाद कंपनीवरील संकट

पहिल्या महायुद्धानंतर पोलादाच्या किमती घसरल्या व १९२४ मध्ये टाटा पोलाद कंपनीकडे पगार देण्यापुरताही पैसा उरला नाही. दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची वैयक्तिक मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज उभारले. त्यात मेहेरबाईंचे दागिने व सुमारे २४५ कॅरटचा जुबिली हिरा यांचा समावेश होता. कंपनी सावरली व कर्ज फेडले गेले.

क्रीडाक्षेत्रातील कार्य

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना दोराबजींनी तेथील क्रीडास्पर्धा पाहून भारतीय खेळाडूंना ऑलिंपिकला पाठवण्याचे मनावर घेतले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या धावपटू व कुस्तीगिरांच्या खर्चाला त्यांनी मोठा हातभार लावला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठीही त्यांनी साहाय्य केले. ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य होते आणि १९२७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले.

अखेरचा काळ व वारसा

जून १९३१ मध्ये मेहेरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींनी या रोगावरील संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. १९३२ मध्ये आपली जवळजवळ सर्व संपत्ती त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला दिली. त्याच वर्षी पत्नीच्या समाधीच्या दर्शनासाठी इंग्लंडला निघाले असताना वाटेत जर्मनीतील बाट किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत मेहेरबाईंच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

त्यांच्या विश्वस्त निधीच्या साहाय्याने मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६), टाटा मेमोरियल रुग्णालय (१९४१) आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५) उभ्या राहिल्या. खोपोली, भिवपुरी व भिरा येथील वीजगृहे शंभर वर्षांच्या आसपास आयुष्य पूर्ण करूनही वीज निर्माण करीत आहेत.